दोनशे एक्याऐंशी माणसं शोधा

ताई,
आम्ही परळ-लालबागमधले आठ मित्र. तीन वर्षं दर रविवारी रात्री हॉस्पिटलांच्या बाहेरच्या फूटपाथवर आणि पुलाखाली खिचडी वाटतो. वाटता वाटता कळलं, की यातले बरेच जण पेशंटचे नातेवाईक नाहीतच, ते तिथेच राहतात. एका ओळखीच्या गृहस्थांची तळमजल्यावर ९०० चौरस फुटांची बंद वर्कशॉपची जागा आहे. ते ती महिना ३५ हजारांत द्यायला तयार आहेत. तिथे बेघर स्त्री-पुरुषांसाठी ४० जणांचं निवारागृह काढायचं ठरवलं आणि २५ लाखांचं उद्दिष्ट ठेवलं. तीन महिन्यांत जमले ४१ हजार. आमचं मंडळ गणपतीच्या दहा दिवसांत याच्या कितीतरी पट जमवतं! तीच माणसं आता म्हणतात, "लहान मुलांसाठी असेल तर देतो, या दारुड्यांना कशाला?" मित्र सुचवताहेत की पत्रकावर मुलांचा फोटो टाकू, नाहीतर नाटकाचा प्रयोग लावू. सध्या पैसे माझ्याच खात्यावर येतात. बाजूच्या सोसायटीचा विरोध आहे तो वेगळाच. काय करावं?
– एक कार्यकर्ता, परळ

नमस्कार.

आधी खात्याचं सांगते. तुमच्या पत्रातलं बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी बिघडत नाही. तुमच्या खात्यात पैसे घेणं आजच बंद करा आणि ग्रुपवर क्यूआर कोड टाकला असेल तर तोही काढून टाका. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण ४१ हजार आहेत तोवर आठही जण जिवलग असतात. चार लाख झाले की कुणीतरी चहा पिता पिता सहज विचारतं, "नवीन बाईक घेतलीस वाटतं?" मग उरलेलं आयुष्य पावत्या दाखवण्यात जातं.

शिवाय कायदा आहे. गणपतीची वर्गणी मंडळ ज्या परवानगीवर गोळा करतं ती धर्मादाय आयुक्तांकडची, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ क कलमाखालची. ती गणपतीसाठी घेतली असेल तर गणपतीपुरतीच. तिच्या जोरावर भाद्रपद उलटून गेल्यावर निवारागृहाच्या पावत्या फाडता येत नाहीत. आणि नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे घ्यायचे तर तसं त्या कार्यालयाला कळवावं लागतं.

न्यास नोंदवायला महिने जातील, जाऊ देत, अर्ज करून ठेवा. तोपर्यंत तुमच्याच भागातली एखादी जुनी, हिशेब वेळेवर देणारी नोंदणीकृत संस्था गाठा. वाचनालय चालेल, व्यायामशाळेचा न्यास चालेल, वैद्यकीय मदत करणारी संस्था तर उत्तमच. तिच्या घटनेत समाजसेवेचा उद्देश बसतो का ते बघा, लेखी करार करा, 'निवारा निधी' म्हणून बँकेत वेगळं खातं उघडा. सही दोघांची, आणि त्या दोघांतले एक तुमच्या आठांबाहेरचे. जमलेले ४१ हजार नावानिशी यादी करून तिकडे वळते करा आणि प्रत्येक देणगीदाराला तसं कळवा. एखाद्याने परत मागितले तर चेहरा न पाडता द्या.

आयकराच्या सवलतीचा फार डांगोरा पिटू नका. देणगीवरची ही सवलत, जिला लोक ८० जी म्हणून ओळखतात, त्या संस्थेकडे तशी नोंदणी असेल तरच, रोख दोन हजारांवर दिले तर मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदाराला तिचा उपयोगच नाही. तुमच्या इमारतीतले निम्मे लोक तीच प्रणाली घेऊन बसले असतील. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांचंही एक लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर अडचण नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परकीय ठरतो आणि परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय घेता येत नाही. भाचा आपला असला तरी.

आता मुख्य गोष्ट. तुमचा २५ लाखांचा आकडा मला आवडला, फक्त तो तुम्ही भलत्याच कामासाठी धरलाय. पत्रात लिहिलंय 'निवारागृह काढायचं ठरवलं'. काढणं सोपं असतं हो. मी नऊ वर्षं उपनगरातल्या एका छोट्या निवाऱ्याची खजिनदार होते. आमच्या उद्घाटनाला एका कंपनीने चाळीस गाद्या दिल्या, फीत कापली, फोटो काढले, पेढे वाटले. चौदाव्या महिन्यात केअरटेकरचा पगार द्यायला खात्यात पैसे नव्हते. चाळीस गाद्या होत्या. कंपनीला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "मॅडम, या वर्षी आमची थीम झाडं आहे."

तर तुमच्या जागेचा हिशेब मांडू. सरकारच्या शहरी बेघर निवारा योजनेत माणशी ५० चौरस फूट जागा धरली होती. ९०० ला ५० ने भागलं तर १८ येतात. त्यातून संडास-बाथरूम, केअरटेकरचं टेबल, चहा करायचा ओटा आणि चपला काढायची जागा वजा करा. १५ माणसं राहतील. चाळीस नाही! चाळीस कोंबलीत तर ते निवारागृह न होता फलाट होईल, आणि फलाट त्यांच्याकडे आधीच आहे.

स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच जागा, तीही एकाच दाराची, हे डोक्यातून काढा. एक काहीतरी ठरवा. बायकांसाठी करायचं तर तुमच्या आठांत बायका किती, हा प्रश्न आधी येतो. पत्रावरून उत्तर शून्य दिसतंय. मग पुरुषांपासून सुरुवात करा आणि पत्रकावर तसं स्पष्ट लिहा.

पंधरा जणांचा महिन्याचा खर्च मी माझ्या जुन्या वहीवरून, आजचे भाव धरून काढला. भाडं ३५ हजार. चोवीस तासांसाठी तीन केअरटेकर, प्रत्येकी १८ हजार, म्हणजे ५४ हजार. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बदली माणूस, ८ हजार. वीज-पाणी १२ हजार. सफाई ९ हजार. साबण, फिनेल, चादरींची धुलाई ५ हजार. औषधं, कुणाला दवाखान्यात नेणं, कागदपत्रांसाठी हेलपाटे, हे ४ हजार. सकाळचा चहा-नाश्ता माणशी ३० रुपये, त्याचे १३ हजार ५००. बेरीज १ लाख ४० हजार ५००. वर्षाचे झाले १६ लाख ८६ हजार. डिपॉझिट, दोन संडास, एक बाथरूम, खाटा, लॉकर, वायरिंग आणि आग विझवायची नळकांडी मिळून सुरुवातीला आठेक लाख लागतील. बेरीज करून बघा, तुमचे २५ लाख आलेच की. म्हणजे ते सगळे उद्या मिळाले तरी निवारा बरोबर एक वर्ष चालेल. तीनशे सहासष्टाव्या दिवशी पंधरा जणांना वळकटी उचलायला कोण सांगणार, ते आठ जणांत आत्ताच ठरवून ठेवा.

म्हणून गणपतीशी तुलना करू नका. गणपती अकराव्या दिवशी जातो. वर्गणी देणाऱ्यालाही ठाऊक असतं की आपलं देणं यंदाचं झालं. तुम्हाला हवंय ते दुसरं, आणि ते तुमच्याच गल्लीत होतं. तुमच्या आजोबांना विचारा, नसतील तर शेजारच्यांच्या आजोबांना. गिरणगावात कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावाची खोली असायची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस चाकरमानी. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. भिंतीला ओळीने ट्रंका, दोरीवर वळकट्या, जेवण खानावळवाल्या बाईकडे. आणि प्रत्येकाची दरमहा वर्गणी, वहीत मांडलेली. गावाहून नवा पोऱ्या आला की पहिल्या पगारापर्यंत त्याचं ते गावाचं मंडळ बघायचं. मुंबईत कुणी नसलेल्या माणसाचा तोच निवारा होता, आपण फक्त त्याला निवारागृह म्हणत नव्हतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षांत खोल्या ओस पडत गेल्या. गावाला घर होतं ते परत गेले. ज्यांचं गावही तुटलं होतं, ते कुठे गेले हे आपण फारसं विचारलं नाही.

ती खोली कुणा शेठच्या देणगीवर चालली नाही, दरमहाच्या वर्गणीवर चालली. तुमचं गणितही तसंच सुटतं. १ लाख ४० हजार ५०० भागिले ५००, उत्तर २८१. महिन्याला पाचशे रुपये देणारी २८१ माणसं. 'पंचवीस लाख' म्हटलं की ऐकणारा मनात म्हणतो, हे आपलं काम नाही, कुणी मोठा बघेल. 'महिना पाचशे, आम्हाला २८१ जण हवेत, ११२ झाले' म्हटलं की तो विचारतो, "त्यात आमच्या चाळीतले कोण कोण?" हा प्रश्न आला की पावतीपुस्तक बाहेर काढा.

हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करून घ्या, यूपीआय ऑटोपे किंवा बँकेला दिलेली कायमची सूचना. तारीख पगारानंतरची, पाच ते सातच्या दरम्यान. दर महिन्याला माणसाच्या दारात उभं राहून मागायची वेळ आली तर सहाव्या महिन्यात तो तुम्हाला बघून रस्ता बदलेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. गळती होणार हे धरून चला. नोकऱ्या जातात, मुलांच्या फिया येतात, माणसं विरार-बदलापूरला राहायला जातात. २८१ टिकवायचे तर साडेतीनशे गोळा करा. थेंबे थेंबे तळे साचे खरं, पण तळ्याला गळती किती तेही मोजावं लागतं. आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे साधारण साडेआठ लाख, खात्यात पडल्याशिवाय एकाही माणसाला आत घेऊ नका. खिचडी एखाद्या रविवारी चुकली तर चालतं, छप्पर चुकून चालत नाही.

आता 'दारुड्यांना कशाला'. या माणसांशी वाद घालू नका आणि 'दारू पिणारे नसतात हो' असं खोटंही सांगू नका. काही असतात. वर्षानुवर्षं फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाला झोप कशाने येते हे विचारण्याआधी एक पावसाळी रात्र तिथे काढून बघावी. निवाऱ्याचा नियम मात्र सरळ ठेवा. आत दारू आणायची नाही, आणि पिऊन आलेल्याने भांडण केलं तर रात्रभर बाहेर. पण पिऊन आला आणि गुपचूप झोपला तर झोपू द्या. आमच्याकडे या एका वाक्यावरून दोन विश्वस्तांनी राजीनामे दिले. वाक्य तसंच राहिलं.

त्याऐवजी त्यांना एका माणसाबद्दल सांगा. मी सांगायचे तो असा. चाळिशीचा, लग्नाच्या सीझनमध्ये केटररकडे वाढपी. काळी पँट, पांढरा शर्ट आणि बो, हे तिन्ही घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डोक्याखाली, पुलाच्या खांबाला पाठ लावून झोपायचा. पंगत उरकून भांडी आवरेपर्यंत रात्रीचा एक वाजतो, लोकल बंद, आणि लोकल असती तरी जाणार कुठे! शर्टावर डाग पडला की दुसऱ्या दिवशीचं काम गेलं, म्हणून पावसाळ्यात तो झोपायचाच नाही, पिशवी छातीशी धरून बसायचा. आधार कार्ड एका पुरात भिजून गेलं होतं. कार्ड नाही म्हणून खातं नाही. खातं नाही म्हणून मजुरी रोख, आणि रोख म्हणून झोपेत चोरीला. आमच्याकडे पहिल्या दिवशी आला तेव्हा ना जेवण मागितलं, ना पांघरूण. लॉकर उघडला, पिशवी ठेवली, कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. किल्ली करदोट्याला बांधली. आणि सकाळी सहाला जो आडवा झाला तो संध्याकाळी पाचला उठला.

हे ऐकल्यावर 'हातपाय धड आहेत, काम का करत नाही' हा प्रश्न येत नाही. माणूस काम करतोच आहे, तुमच्याच पुतण्याच्या लग्नात जिलबी वाढून गेलाय. दादरच्या फूलबाजारात पहाटे करंड्या उतरवणारा, नाक्यावर बिगारीसाठी उभा राहणारा, हातगाडी ओढणारा, यातले बरेच जण तुमच्या पुलाखालीही सापडतील. यांतल्या कित्येकांची रात्र दिवसा असते. म्हणूनच पत्रकावर 'रात्रनिवारा' असा शब्द वापरू नका. सकाळी सातला बाहेर काढणारा निवारा या माणसांच्या काही कामाचा नाही.

मुलांचा फोटो? अजिबात नको. देणारे मुलांना देतात हे खरं आहे. मुंबईतले बरेच निवारे मुलांसाठीच आहेत, मोठ्या माणसाला जागा शोधताना जीव जातो. पण मुलाचा चेहरा दाखवून मोठ्यांसाठी पैसे घेणं ही फसवणूक आहे, आणि ज्या दिवशी एखादी देणगीदार बाई खाऊ घेऊन दारात येईल त्या दिवशी ती उघडी पडेल. मुलं खरोखर ठेवायची म्हटली तर बाल न्याय अधिनियम २०१५ खाली वेगळी नोंदणी लागते, तो रस्ता तुमचा नाही. तशीच दुसरी पळवाट पेशंटच्या नातेवाइकांची. टाटा, केईएमच्या बाहेर बसलेल्यांना बघून कुणाचंही मन हेलावतं आणि पैसे पटकन येतात. त्यांची गरज खरीच आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी काम करतेच आहे, मन झालं तर तिथेही द्या. पण पेशंटचा माणूस उपचार संपले की घरी जातो. तुमच्या पंधरांना घर नाही. दोन्ही एका पत्रकावर घातलंत तर खाटा पहिल्यांना मिळतील आणि दुसरे पुलाखालीच राहतील. मोठ्या माणसांचे फोटोही नकोत हं. गावाकडे बायकोला 'कंपनीत खोली मिळालीय' असं सांगितलेला माणूस तुमच्या व्हॉट्सअॅपवर दिसायला नको. फोटो लॉकरचा काढा, धुतलेल्या चादरींचा काढा.

नाटकाच्या प्रयोगाबद्दल मला बोलायलाच लावू नका. लावलंच आहे तर सांगते. आम्ही एक प्रयोग विकत घेतला होता. मानधन, नाट्यगृहाचं भाडं, तिकिटांची छपाई, मध्यंतरातले वडे. दोन महिने आम्ही पाच जणी तिकिटं खपवत फिरलो. शिल्लक राहिले अकरा हजार. माझी एक नणंद अजून फोन उचलत नाही, तिच्या गळ्यात मी सहा तिकिटं मारली होती. तेवढ्या वेळात दरमहाचे चाळीस देणगीदार सहज मिळाले असते.

मंडळाला मात्र सोडू नका. मंडळाकडे माणसं आहेत, पावती फाडायचा अनुभव आहे आणि प्रत्येक मजल्यावर कुणाचा पगार कधी होतो याची खडान्खडा माहिती आहे. त्यांच्याकडे एकरकमी देणगी मागण्यापेक्षा प्रत्येक चाळीमागे एक कार्यकर्ता मागा. त्याने आपल्या चाळीतून दहा नावं आणायची. अठ्ठावीस चाळी-इमारती झाल्या की २८० झाले, एक तुम्ही स्वतः. तुम्ही अजून दरमहाचे पाचशे सुरू केले नसतील, तर मागायला जाऊ नका.

वस्तू घ्यायच्या तर नेमक्या मागा. 'जे असेल ते द्या' म्हटलंत की दिवाळीच्या आवराआवरीत घरोघरीचे माळे तुमच्या दारात रिकामे होतील. आम्हाला एकदा एका पोत्यात फक्त डाव्या पायाच्या चपला आल्या होत्या. कुणी जमवल्या असतील देव जाणे. त्यापेक्षा एखाद्या किराणा दुकानदाराला महिन्याचे पोहे आणि साखर सांगा, लाँड्रीवाल्याला आठवड्याच्या पंधरा चादरी. नाश्त्याचा आणि धुलाईचा आकडा तेवढा खाली येतो आणि दुकानदार आपलं म्हणून लक्ष घालतो.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या, मागे पहिल्या वर्षी धावू नका. कंपन्यांना संस्थेचं तीन वर्षांचं काम आणि तिची सरकारकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. छत्र देणाऱ्या संस्थेकडे दोन्ही असेल तर लॉकर-संडासाच्या एकरकमी खर्चासाठी अर्ज करा, पगारांसाठी नको. कंपनीची थीम बदलते.

सोसायटीचं काय? तुमचं चुकलं असेल तर ते इतकंच, की त्यांना व्हॉट्सअॅपवरून कळलं. सेक्रेटरींना वेळ मागून आठांतले दोघेच जा, सगळे गेलात तर मोर्चा वाटतो. 'तुम्हाला माणुसकी नाही का' हे वाक्य घरी ठेवून जा. त्यांच्या मनात असते ती भीती, आणि ती खोटी नसते. संध्याकाळी क्लासवरून येणारी मुलगी त्याच बोळातून जाते. म्हणून त्यांना विचारा, काय झालं तर तुम्हाला चालेल? आमच्याकडे उत्तर आलं होतं: दाराबाहेर रांग नको, बोळात कुणी बिडी ओढत बसायचं नाही, दिवा हवा, आणि रात्री फोन उचलणारा माणूस हवा. चारही गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. बोळात आम्ही दोन एलईडी लावले, केअरटेकरचा नंबर जिन्याच्या नोटीस बोर्डावर चिकटवला, नाव नोंदवायची रांग आत वळवली. त्या सोसायटीने शेवटपर्यंत एक रुपया दिला नाही. पण वॉर्ड ऑफिसात तक्रार अर्जही दिला नाही. मी तेही देणगीतच धरते.

वॉर्ड ऑफिसला तुम्ही स्वतःही जायचं आहे, परळ-लालबागसाठीच्या महापालिकेच्या एफ दक्षिणला. परवानग्यांसाठी तर जाच, पण हक्काने मागायलाही जा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितलं, की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक तरी चोवीस तास, वर्षभर चालणारा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे शंभरावर चोवीस निवारे. तेव्हा बेघर म्हणून मोजले गेले तेच ५७ हजारांहून जास्त, आणि रात्री मोजायला गेलं की निम्मे कामावर असतात. तुमचे पंधरा या हिशेबात समुद्रात खसखस. म्हणून पैसे गोळा करताना 'महापालिका काही करत नाही म्हणून आम्ही करतो' अशी भाषा नको. तुम्ही तिला तिचं काम माफ करताय असं व्हायला नको. तीन वर्षं रविवारी फिरताय ना? कुठल्या पुलाखाली साधारण किती जण, त्यात बायका किती, आजारी किती, अशी यादी करा, कुणाचंही नाव न घालता. ती अर्जाला जोडा आणि वॉर्डात पडून असलेली पालिकेची एखादी जागा मागा. अर्जाची पोच घ्या. ती जागा मिळेल की नाही ते पुढचं पुढे, पण मिळाली तर तुमच्या महिन्याच्या खर्चातले ३५ हजार जातील आणि माणसं लागतील फक्त २११.

जागामालकांशी करार तोंडी ठेवू नका, ते कितीही देवमाणूस असले तरी. देवमाणसांना मुलगे असतात. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, पाच वर्षांचा. मालकाला मध्येच काढता येणार नाही असा लॉक-इन घाला, आणि भाडं दरवर्षी किती वाढणार ते त्यातच लिहा.

हिशेब दाराशी लावा. मी स्टेशनवर असतो तसा काळा फळा टांगायचे आणि खडूने लिहायचे: काल रात्री चौदा झोपले, या महिन्यात जमा इतके, खर्च इतका, शिल्लक किती दिवसांची. शेवटची ओळ महत्त्वाची. 'शिल्लक ९४ हजार' वाचून कुणी थांबत नाही. 'शिल्लक वीस दिवसांची' वाचून थांबतात. तोच फळा दर महिन्याच्या एक तारखेला फोटो काढून सगळ्या देणगीदारांना पाठवायचा, सोबत निबंध नको.

येत्या रविवारी खिचडी वाटून झाली की आठ जण बसा आणि प्रत्येकाने चाळींची नावं वाटून घ्या. पहिले शंभर जण झाले की मला कळवा, मी एकशेएकावी. माझा हप्ता सात तारखेला ठेवा, पेन्शन पाचला येते.

आणि खाटांची ऑर्डर देण्याआधी नागदेवी स्ट्रीटला जाऊन पंधरा कुलूपं घ्या, जरा भारीतली, प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे ना हे दुकानातच तपासून. दोन-दोन किल्ल्या येतील. दुसरी केअरटेकरकडे ठेवायची पद्धत आहे. आम्ही ठेवायचो नाही, दोन्ही त्याच माणसाला द्यायचो. हरवली तर कुलूप तोडायचं, कुलपाचे दीडशे रुपये खर्चात धरायचे.